वडिलांच्या दुखण्याचे खाते

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत आम्ही आजवर भुसार बाजाराच्या तेजीमंदीवर चार शब्द लिहीत आलो. यंदा संपादक मंडळींनी विषय निराळा दिला. "तुमच्या वडिलांचा कॅन्सरचा उपचार झाला, तो तुम्ही जवळून पाहिला, त्यावर लिहा," असे त्यांचे म्हणणे पडले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्रातील आम्हांस काय कळणार, म्हणून प्रथम नकारच दिला. परंतु गेल्या काही वर्षांत कितीतरी सभासद बंधू रात्री दुकान वाढविल्यावर आमच्या घरी येऊन, दार लोटून घेऊन, हळू आवाजात चौकशी करून गेले आहेत. कोणत्या डॉक्टरांकडे गेलात, मुंबईस किती दिवस राहावे लागले, खर्च किती आला. आणि जाताना उंबरठ्यावर उभे राहून प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "भाऊंना सांगितले होते का?" त्या प्रश्नाचे उत्तर एकदा लिहून ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेख.

आमच्या घरी वडिलांना भाऊ म्हणतात. तापी व्हॅली रेल्वेने खानदेशातून उधन्यास आलेल्या अनेक कुटुंबांपैकी आमचे एक. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूची ज्वारी, तूर आणि मूग या फाट्याने येई. त्या मालाच्या मागोमाग भाऊही आले आणि येथेच पेढी घातली. सामायिक, प्रतिक्रमण, चौविहार यांत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. एक खोड मात्र होती. विशीत बाजारात उभे राहताना तंबाखू-चुन्याची लागलेली सवय सुटली नाही. जैनाच्या घरात व्यसन हा शब्द उच्चारण्यासही आपण संकोचतो. पण आपल्या बाजारात डबी बाळगणारे किती आणि आपल्या घरांतून मिश्री लावणाऱ्या वृद्ध स्त्रिया किती, हे आपणांस ठाऊक नाही असे नाही. गुजरातेत हीच वस्तू बजर या नावाने दातांना लावतात. गुटख्यावर २०१२ साली महाराष्ट्रात आणि गुजरातेत बंदी आली, पण साध्या तंबाखूची डबी होती तेथेच राहिली.

२०१७ सालच्या महावीर जयंतीच्या सुमारास भाऊंच्या डाव्या गालाच्या आतील बाजूस एक चट्टा उठला. तिखट झोंबे, तोंड पुरते उघडेना. दाढ टोचत असावी असे आम्ही समजलो. ज्या दंतवैद्यांकडे नेले त्यांनीही तेच धरले आणि मलम व जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन दोन महिने काढले. त्यांचा दोष काढावयाचा तर आमचाही निघतो, कारण तंबाखूची गोष्ट आम्ही लाजेने त्यांना सांगितलीच नव्हती. तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरून आला नाही तर तो तपासून घ्यावा, हे साधे ज्ञान आम्हांस फार उशिरा झाले.

पुढे सुरतेतील एका मोठ्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासावा लागेल असे सांगितले. नातेवाइकांत एकच गिल्ला झाला. तुकडा काढला की रोग भडकतो, हात लावू देऊ नका, असा सल्ला देणारी वडीलधारी मंडळी एकाएकी उगवली. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, असे काही नसते. तुकडा तपासल्यावाचून उपचार ठरविताच येत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला तर ही गोष्ट अवघड वाटण्याचे कारण नव्हते. पोत्यात परखी घालून नमुना काढला म्हणून धान्य किडत नाही. कीड असली तर ती आधीचीच असते. चार दिवसांनी कागद हाती आला. तो कॅन्सरच होता.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना आजही हात आखडतो. तो कागद घेऊन आम्ही आणि आमचे धाकटे बंधू दुकानाच्या माळ्यावर बसलो आणि असे ठरविले की, भाऊंना सांगावयाचे नाही. वय ७९, ऐकून खचतील, हे कारण आम्ही एकमेकांस दिले. ते खोटे नव्हते, परंतु पुरते खरेही नव्हते. घरात नातीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. शिवाय पेढीचा धनी असाध्य रोगाने अंथरुणास खिळला अशी वार्ता बाजारात गेली की उधारीची मुदत आखडते, आडते विचारपूस करू लागतात, हेही दोघांच्या मनात होते. बंधूंनी ते बोलून दाखविले. आम्ही केवळ मान हलविली. वडिलांच्या काळजाला जपण्याच्या नावाखाली आपण कशाकशाला जपतो, याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही.

भाऊंना सांगितले, दाढेचे मूळ कुजले आहे. तपासण्या सुरू झाल्या. गळ्याचे चित्र, छातीचे चित्र, रक्त. खर्च पडू लागला आणि तो कीर्दीत कोठे घालावा हा प्रश्न उभा राहिला. आम्ही मुनीमजींना सांगून 'दाढ दुरुस्ती' असे एक खाते उघडविले. भाऊंनी दुकानाचे काम आमच्या हवाली करून बरीच वर्षे झाली होती. तरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून, दिवेलागणीस भिंगातून रोकड पाहण्याचा त्यांचा नेम चालू होता. बाराव्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि मुनीमजींना विचारले, "बत्तीस दात नवे बसवले तरी इतके होत नाहीत. हे कोणते दुकान?" मुनीमजी खाली पाहू लागले. मग भाऊ आमच्याकडे वळले. "इतक्या वर्षांत आपल्या वहीत खोट्या नावाने रक्कम पडली नव्हती. ती तू माझ्यासाठी घातलीस. आता खरे नाव सांग."

आम्ही सांगितले. ते किती तरी वेळ गप्प बसले. नंतर फक्त एवढेच म्हणाले, "मला दोन महिन्यांपासून शंका होती. तुम्हांला दुःख होऊ नये म्हणून मी बोललो नाही." म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवीत होतो आणि ते आमच्यापासून. एका घरात दोन्ही बाजूंनी हा व्यवहार चालला होता आणि रात्री दोन्हीकडे झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी आपला निर्णय सांगितला. दवाखाना नको, संथारा द्यावा. हे ऐकून घरात रडारड झाली. संथाऱ्याबद्दल त्या वेळी समाजात पुष्कळ चर्चा होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तो आत्महत्येसमान ठरविला होता आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली होती. भाऊंना कायद्याशी कर्तव्य नव्हते. योगायोगाने विहारात असलेल्या महासतीजी त्या आठवड्यात उधन्यास विराजमान होत्या. आम्ही भाऊंना घेऊन दर्शनास गेलो.

महासतीजींनी आधी रोगाची सर्व माहिती विचारून घेतली. रोग किती पसरला आहे, डॉक्टर काय म्हणतात, उपाय आहे की नाही. भाऊंना यांतले काहीच सांगता येईना, कारण त्यांना आदल्या दिवशी फक्त नाव कळले होते. तेव्हा महासतीजी म्हणाल्या, "ज्याला आपल्या देहाची स्थिती ठाऊक नाही, त्याने देहाविषयी प्रतिज्ञा कशी घ्यावी?" आणि पुढे त्यांनी संलेखनेच्या अतिचारांची आठवण करून दिली. जगण्याची आशंसा हा जसा अतिचार, तशी मरणाची आशंसा हाही अतिचारच. उपाय असताना भीतीने मरण मागणे ही आराधना नव्हे. भाऊंनी हात जोडले. बाहेर येऊन आम्हांस म्हणाले, "सगळे कागद माझ्यासमोर वाच." वाहनात बसल्या बसल्या आम्ही सर्व कागद वाचून दाखविले. कित्येक शब्द आम्हांलाच उच्चारता येईनात.

त्यानंतरचा मार्ग परळचा. सुरतेहून मुंबई सुमारे २६० किलोमीटर. सकाळच्या गाडीने गेलो. टाटा स्मारक रुग्णालयाविषयी आपल्या मनात केवळ धास्ती असते; त्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. परदेशात जो उपचार आपल्या पत्नीस मिळाला तसा येथील लोकांस मिळावा, अशी दोराबजींची इच्छा होती. पण वर्षभरात, १९३२ साली, तेही गेले. त्यांच्या न्यासाने हे काम पुरे केले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. सुरतेच्या हिरेबाजारातील वाचकांसाठी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मेहरबाईंपाशी ज्युबिली नावाचा २४५ कॅरटचा हिरा होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा दोराबजींनी तो हिरा इतर मालमत्तेसह इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कारखाना वाचविला. पुढे उभयतांच्या निधनानंतर तो विकला गेला आणि पैसा न्यासाच्या कामी आला. व्यापाऱ्याच्या घरातील दागिन्याचा याहून चांगला शेवट आम्ही तरी ऐकलेला नाही.

रुग्णालयाच्या बाहेरील रस्त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. ते मूळ गोव्याच्या घराण्यातले, या रुग्णालयाचे नामांकित शल्यवैद्य. त्या रस्त्यावर पहिल्या दिवशी आम्ही जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. बिहार, बंगाल, विदर्भ, कोकण येथून आलेली माणसे पदपथावर गाठोडी घेऊन बसलेली. आपल्याच समाजाचे हरखचंद सावला यांनी याच पदपथावरचे हाल पाहून रुग्णांस व त्यांच्या माणसांस मोफत जेवण देण्याचे काम उभारले. त्यांचा जीवन ज्योत ट्रस्ट ते चालवितो. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा आहे. आमची सोय एका नातलगांकडे होती, तरी एक रात्र भाऊ हट्टाने धर्मशाळेत पथारी टाकून असलेल्या आमच्या तालुक्यातील एका शेतकऱ्यापाशी जाऊन बसले. त्याच्या पत्नीस हाच रोग होता, मिश्रीमुळे. दोघे बराच वेळ ज्वारीच्या भावाविषयीच बोलत होते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत एक पेच पडला. गालातला रोग काढावयाचा हे समजण्यासारखे होते. पण डॉक्टर म्हणाले, त्याच वेळी मानेतील गाठीही काढू. मानेत हाताला काहीच लागत नव्हते. निरोगी मानेवर सुरी कशाला, असे बंधूंचे म्हणणे. पूर्वी आमच्यासाठी निर्णय भाऊ घेत; आजारात भाऊंसाठी आम्ही घेणार, असे आम्ही गृहीत धरले होते. डॉक्टर मात्र आमच्याकडे न पाहता भाऊंशी बोलू लागले. त्यांनी सांगितले की, नेमका हाच प्रश्न या रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षे तपासला आणि २०१५ साली तो निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापला गेला. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, मानेत गाठ न लागणारे ५०० रुग्ण. अर्ध्यांच्या मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, अर्ध्यांच्या गाठ दिसू लागल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातील शंभरात ८० हयात होते, दुसऱ्या गटातील शंभरात सुमारे ६७. भाऊंनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "तेराचा फरक आहे. काढा." जुलैच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. तपासणीत हाताला न लागणाऱ्या दोन गाठींत रोग निघाला. आम्ही दोघे भाऊ नंतर परळच्या चहाच्या टपरीवर उभे होतो. बंधूंनी आमच्या खांद्यावर हात ठेवला, बोलले नाहीत.

गाठी निघाल्यामुळे किरणोपचार आवश्यक झाला. वयाकडे पाहून औषधाच्या सलाईनी दिल्या नाहीत. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, तीस बैठका. किरणोपचाराची सोय आता सुरतेतही आहे. परळच्या डॉक्टरांनीच सल्ला दिला की हे गावी करा, रोज रात्री आपल्या बिछान्यावर झोप मिळेल. तो सल्ला आमच्या फार उपयोगी पडला. मुंबईस नेल्यानेच माणूस बरा होतो अशी आपली समजूत असते. शस्त्रक्रियेसाठी जावे लागले तरी पुढील सहा आठवडे सून, नातवंडे आणि घरचा ओटा यांचा आधार लहान नसतो.

हे सहा आठवडे शस्त्रक्रियेहून कठीण गेले. किरणांनी वेदना होत नाही, पण तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलल्यासारखे होते, लाळ आटते, चव जाते. नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावे लागले. आहारतज्ज्ञ बाईंनी ताकदीसाठी अंडे सुचविले आणि आमच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच मागे घेतले. दूध, गाळलेले मुगाचे कढण, भाताची पेज, नाचणीचे सत्त्व यांवर त्यांनी वेळापत्रक आखून दिले. आयुष्यभर मूग पोत्यांनी विकला. तो शिजवून, घोटून, दोनदा गाळून नळीतून खाली उतरताना पाहण्याचा प्रसंग येईल असे वाटले नव्हते. बाईंनी एक मोठी गोष्ट केली. सर्व अन्न सूर्योदय ते सूर्यास्त यांत बसविले, रात्रीसाठी फक्त पाणी व औषध ठेवले.

त्या पाण्यावरूनच भाऊ अडले. चौविहार मोडावयाचा नाही. त्यातच पर्युषण आले आणि संवत्सरीचा उपवास जन्मात चुकला नाही तो या वर्षीही करणारच, असे त्यांनी पाटीवर लिहून दाखविले; बोलता येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरले तर किरणोपचारासाठी चेहऱ्यावर बसविलेला साचा सैल होतो, नेम चुकतो, सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतात. पुन्हा महासतीजींकडे गेलो. त्यांचा चातुर्मास उधन्यासच होता. त्यांनी सांगितले, पच्चक्खाणात आगार उगाच ठेवलेले नाहीत. चित्ताची समाधी टिकावी म्हणून आजाऱ्याने औषध घेण्याची मोकळीक त्यांतच आहे, तेव्हा व्रत मोडत नाही. उपवासाऐवजी त्यांनी भाऊंना आठ दिवसांचे मौन दिले. तोंडाने बोलणे असह्य झालेल्या माणसास मौनाचे व्रत! भाऊंच्या डोळ्यांत हसू आले. आजारपणात ते आम्ही प्रथमच पाहिले.

घरातील इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. एका आप्तांनी भाऊंचे ताट-वाटी वेगळी ठेवण्यास सुचविले. हा रोग ताटाने, श्वासाने अथवा स्पर्शाने लागत नाही, हे आमच्या सुनेने त्यांना सांगितले आणि त्यांच्यादेखत भाऊंच्या पेल्यातून पाणी प्यायली. कोणी भस्म आणले, कोणी पुडी. ती देवघराच्या फळीवर तशीच राहिली. तोंड आखडू नये म्हणून दातांमध्ये लाकडी पट्ट्यांची चळत धरण्याचा व्यायाम दिला होता. रोज एक पट्टी वाढवावयाची. भाऊ रात्री नातवाकडून मोजून घेत, जशी पूर्वी हमालांकडून पोती मोजून घेत. नातीची सोयरीक मोडली नाही, व्याही भेटीस आले, तासभर बसले आणि जाताना आमच्या सौभाग्यवतींना म्हणाले, "लपविले असते तर मात्र वाईट वाटले असते." उधारीची मुदत कोणीही आखडली नाही.

पैशाविषयी सभासद विचारतात. आमच्या वेळी सगळा खर्च आम्हीच केला. आता २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. आपण व्यापारी, आपल्याला काय मिळणार, असे म्हणून कित्येकांनी वडिलांचे कार्ड काढलेले नाही. आजार येण्याची वाट न पाहता ते काढून ठेवावे.

भाऊंची नळी दिवाळीपूर्वी निघाली. पहिला घास मऊ मुगाच्या खिचडीचा होता आणि त्याची चव मातीसारखी लागली, असे त्यांनीच सांगितले. चव परत येण्यास बरेच महिने लागले. तंबाखूची डबी त्यांनी स्वतः आमच्या हाती दिली होती, ती कोठे गेली हे आम्ही त्यांना सांगितले नाही. लपविलेली तेवढी एकच गोष्ट उरली. प्रारंभी दर दोन-तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणीस जाऊ लागलो. प्रत्येक खेपेस आदल्या रात्री घरात कोणास झोप येत नसे, भाऊंखेरीज.

'दाढ दुरुस्ती' हे नाव त्यांनी त्याच दिवसाच्या वहीत लाल शाईने खोडून, शेजारी स्वतःच्या हाताने 'कॅन्सर उपचार, खुद्द' असे लिहिले होते. ते खाते पाच वर्षे चालले. २०२२ च्या जुलैत डॉक्टरांनी सांगितले की आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे. त्या दिवाळीच्या वहीपूजनास, वयाच्या ८४ व्या वर्षी, भाऊंनी ते खाते बंद करण्यास सांगितले. या कामासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून काही शिल्लक होती. ती कोणत्या खात्यावर वळवावी असे मुनीमजींनी विचारले. भाऊ म्हणाले, परळच्या पदपथावर जेवण घालतात, त्यांच्याकडे पाठवा, आणि कीर्दीत खरे नाव घाला.